नोंद नसलेली तिथी : इव्हेट विकर्स यांचा एकाकी मृत्यू आणि दुय्यम चित्रपटांचा इतिहास

प्रस्तावना

चरित्रकोशातील कोणत्याही नोंदीत व्यक्तीच्या नावापुढे कंसात जन्म आणि मृत्यू यांची वर्षे दिलेली असतात. वाचक त्यांकडे फारसे लक्ष देत नाही. प्राचीन किंवा मध्ययुगीन व्यक्तींच्या बाबतीत ही वर्षे अनिश्चित असणे स्वाभाविक मानले जाते. शिलालेख भग्न असतात, बखरींत मेळ नसतो, कागदपत्रे कसरीने खाल्लेली असतात. परंतु एकविसाव्या शतकात, जगातील सर्वाधिक छायाचित्रित शहरांपैकी एका शहरात, चित्रपटसृष्टीशी संबंधित असलेल्या व्यक्तीचे मृत्युवर्ष निश्चित सांगता येऊ नये, ही घटना इतिहासाच्या अभ्यासकाला थांबून विचार करावयास लावणारी आहे.

अमेरिकन अभिनेत्री इव्हेट विकर्स यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. २७ एप्रिल २०११ रोजी लॉस एंजेलिसच्या बेनेडिक्ट कॅन्यन या डोंगराळ वस्तीतील त्यांच्या राहत्या घरी त्यांचा मृतदेह आढळला. देह सुकून शुष्क झालेला होता. मृत्यू होऊन कित्येक महिने, कदाचित वर्षभराचा काळ लोटला असावा, असा अंदाज तेव्हा वर्तविण्यात आला. म्हणून संदर्भग्रंथांत त्यांच्या मृत्यूचे वर्ष २०१० किंवा २०११ असे मोघमपणे नोंदविले जाते.

प्रस्तुत निबंधात या घटनेचा विचार तीन अंगांनी केला आहे. पहिले, ज्या चित्रपटव्यवसायात विकर्स यांनी काम केले त्याची आर्थिक रचना. दुसरे, त्यांच्या पडद्यावरील प्रतिमेला लाभलेले दीर्घायुष्य आणि प्रत्यक्ष व्यक्तीच्या वाट्याला आलेले जिणे यांतील अंतर. तिसरे, अशा विस्मृत जीवनांचा इतिहास लिहिताना अभ्यासकापुढे उभे राहणारे प्रश्न. ‘विस्मृत अभिनेत्रीचा एकाकी मृत्यू’ हे वृत्तपत्रीय शीर्षक जितके सोपे वाटते तितके ते नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

‘बी’ चित्रपट : गुणवत्तेची की अर्थकारणाची श्रेणी?

आपल्याकडे ‘बी ग्रेड’ हा शब्दप्रयोग प्रायः हलक्या अभिरुचीचा निदर्शक म्हणून वापरला जातो. मूळ अमेरिकन संदर्भात मात्र ही संज्ञा सर्वप्रथम आर्थिक होती. १९३० च्या दशकातील महामंदीत प्रेक्षक घटू लागले, तेव्हा चित्रपटगृहांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखविण्याची प्रथा सुरू केली. पहिला, मोठ्या नटनट्यांचा चित्रपट चित्रपटगृहाच्या उत्पन्नातील ठरावीक टक्केवारीवर दिला जाई. दुसरा, कमी खर्चाचा आणि कमी लांबीचा चित्रपट प्रायः ठोक भाड्याने दिला जाई. म्हणजे तो चित्रपट कितीही लोकप्रिय झाला, तरी निर्मात्याला मिळणारी रक्कम वाढत नसे. उत्पन्नाला अशी मर्यादा असल्याने खर्चालाही मर्यादा घालावी लागे. त्याचा पहिला फटका कलावंतांच्या मानधनाला, चित्रीकरणाच्या दिवसांना आणि लेखनाला बसे. ‘बी’ ही श्रेणी अशी हिशेबाच्या वहीत जन्मली.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात दिलेल्या निर्णयाने मोठ्या संस्थांची चित्रपटगृहांवरील मालकी आणि चित्रपट एकगठ्ठा माथी मारण्याची पद्धती यांवर बंधन आले. पाठोपाठ दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचली. मोठ्या संस्थांनी आपले दुय्यम चित्रपटांचे विभाग हळूहळू आवरते घेतले आणि ती जागा लहान कंपन्यांनी घेतली. पूर्वीची मोनोग्राम ही संस्था ‘अलाइड आर्टिस्ट्स’ या नावाने वावरू लागली. जेम्स निकल्सन आणि सॅम्युएल आर्कॉफ यांनी ‘अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स’ ही संस्था उभी केली. मोटारीत बसून चित्रपट पाहण्याच्या खुल्या मैदानांवर येणारा तरुण वर्ग हा या संस्थांचा प्रमुख ग्राहक होता. अणुयुद्धाचे भय, अंतराळाविषयीचे कुतूहल आणि तारुण्यसुलभ आकर्षण यांचे मिश्रण असलेले राक्षसपट आणि विज्ञानपट या संस्थांनी झपाट्याने काढले. इव्हेट विकर्स यांची ओळख याच चित्रपटांनी घडविली.

कारकीर्द : एक छोटा आलेख

विकर्स यांचे जन्मनाव इव्हेट आयोला व्हेडर असे होते. २६ ऑगस्ट १९२८ रोजी मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे त्यांचा जन्म झाला. वडील चार्ल्स व्हेडर जॅझ संगीतातील सॅक्सोफोनवादक होते आणि घरात संगीताचे वातावरण होते. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना त्या अभिनयाकडे वळल्या. केशप्रक्षालनाच्या एका उत्पादनाच्या दूरचित्रवाणी जाहिरातींतून त्यांचा चेहरा प्रेक्षकांच्या परिचयाचा झाला.

त्यांचे चित्रपटातील पहिले दर्शन बिली वाइल्डर दिग्दर्शित ‘सनसेट बुलव्हार्ड’ (१९५०) या चित्रपटात घडते. एका मेजवानीच्या प्रसंगात दूरध्वनीवर खिदळत बोलणारी तरुणी एवढीच ती भूमिका आहे. मूकपटांच्या काळात गाजलेली आणि नंतर विस्मृतीत गेलेली एक अभिनेत्री जुन्या वाड्यात आपल्याच प्रतिमेच्या सहवासात दिवस कंठते, हा त्या चित्रपटाचा विषय. विकर्स यांच्या मृत्यूनंतर या योगायोगाचा उल्लेख अनेकांनी केला. तो मोहक असला, तरी दोन्ही बाबींत मूलभूत भेद आहे. चित्रपटातील नॉर्मा डेस्मंड अतिशय धनाढ्य आहे, तिच्या दिमतीला सेवक आहे आणि एकेकाळी ती अग्रगण्य तारका होती. विकर्स यांना यांपैकी काहीही लाभले नव्हते. अस्त पावलेल्या तारकेचे मिथक जिला तारकापद कधी मिळालेच नाही अशा स्त्रीच्या जीवनावर चढविले, तर तिचे वास्तव झाकले जाते.

१९५७ मध्ये सुप्रसिद्ध नट जेम्स कॅग्नी यांनी ‘शॉर्ट कट टू हेल’ हा आपल्या आयुष्यातील एकमेव चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात विकर्स यांना भूमिका मिळाली. त्याच वर्षी ‘रिफॉर्म स्कूल गर्ल’ या चित्रपटातही त्या दिसल्या. १९५८ मध्ये अलाइड आर्टिस्ट्सचा ‘अटॅक ऑफ द फिफ्टी फूट वुमन’ प्रदर्शित झाला. एक लाख डॉलरपेक्षाही कमी खर्चात तयार झालेला हा चित्रपट नेथन जुरान यांनी दिग्दर्शित केला होता, मात्र श्रेयनामावलीत त्यांनी ‘नेथन हर्ट्झ’ असे नाव दिले. रॉजर कॉर्मन यांच्या ‘वॉर ऑफ द सॅटेलाइट्स’सोबत तो एका तिकिटात दाखविला गेला. नायिकेची भूमिका ॲलिसन हेज यांची होती. परग्रहवासीयाच्या संपर्काने पन्नास फूट उंच झालेली ही श्रीमंत पत्नी आपल्या व्यभिचारी पतीचा सूड घेते. त्या पतीची प्रेयसी हनी पार्कर हिची भूमिका विकर्स यांनी केली. १९५९ मध्ये आलेल्या ‘अटॅक ऑफ द जायंट लीचेस’मध्ये त्या दलदलीकाठच्या दुकानदाराची पतीशी प्रतारणा करणारी पत्नी झाल्या. बर्नार्ड कोवाल्स्की दिग्दर्शित हा चित्रपट अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्सने ‘अ बकेट ऑफ ब्लड’च्या जोडीने प्रदर्शित केला.

या दोन्ही भूमिकांची रचना सारखी आहे. दोन्हींत विकर्स यांनी रंगविलेली स्त्री आकर्षक आणि मर्यादा ओलांडणारी आहे, आणि दोन्हींत तिला मृत्युदंड मिळतो. पहिल्या चित्रपटात ती कोसळलेल्या छताखाली मरते, तर दुसऱ्यात राक्षसी जळवा तिचे रक्त शोषून घेतात. प्रेक्षकाने आधी तिच्याकडे आसक्तीने पाहावे आणि नंतर तिच्या शिक्षेने समाधान पावावे, अशी दुहेरी सोय या कथानकांत आहे. तरीही विकर्स यांच्या अभिनयात अशी एक मिश्कील जाण दिसते की, पात्र पटकथेपेक्षा अधिक जिवंत वाटते. आज हे चित्रपट पाहणाऱ्यांना नायक-नायिकांपेक्षा हनी पार्कर आणि लिझ वॉकर ही पात्रे अधिक लक्षात राहतात, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

जुलै १९५९ च्या ‘प्लेबॉय’ मासिकात रस मेयर यांनी काढलेली त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. १९६३ मध्ये पॉल न्यूमन यांच्या ‘हड’ या गाजलेल्या चित्रपटात त्यांना अगदी लहान भूमिका मिळाली. त्यानंतर दूरचित्रवाणी मालिकांतील तुरळक कामे वगळता त्यांचे दर्शन विरळ होत गेले. मोठ्या भूमिकांची त्यांची वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, साधारणतः १९५७ ते १९५९ एवढीच होती.

प्रतिमेचे पुनरुज्जीवन आणि मोबदल्याची सीमारेषा

जे चित्रपट एका हंगामापुरते काढले गेले होते, त्यांना पुढे अनपेक्षित दीर्घायुष्य लाभले. प्रथम दूरचित्रवाणीवरील रात्री उशिराच्या प्रक्षेपणांतून, नंतर व्हिडिओ कॅसेटमधून आणि पुढे महाजालावरून ते नव्या पिढ्यांपर्यंत पोहोचले. १९८२ मध्ये बिल वॉरेन यांच्या ‘कीप वॉचिंग द स्काइज!’ या ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि पन्नाशीच्या दशकातील विज्ञानपटांचा गांभीर्याने अभ्यास होऊ लागला. ‘जायंट लीचेस’वर १९९२ मध्ये ‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’ या विनोदी कार्यक्रमाने एक भाग केला. १९९३ मध्ये ‘फिफ्टी फूट वुमन’ची डॅरिल हॅना यांना घेऊन दूरचित्रवाणीसाठी पुनर्निर्मिती झाली. रेनॉल्ड ब्राउन यांनी रंगविलेले मूळ चित्रपटाचे भित्तिचित्र आजही जगभर छापले आणि विकले जाते.

या पुनरुज्जीवनाचा लाभ कोणाला झाला, हा प्रश्न येथे अपरिहार्य आहे. ७ मार्च १९६० रोजी अमेरिकेतील चित्रपट-नटांच्या संघटनेने संप पुकारला. तेव्हा संघटनेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन हे होते. चित्रपट दूरचित्रवाणीला विकले गेल्यास नटांनाही त्याचा वाटा मिळावा, ही प्रमुख मागणी होती. एप्रिलमध्ये तडजोड झाली. मोठ्या संस्थांनी १९६० पासून निर्माण होणाऱ्या चित्रपटांसाठी पुनःप्रक्षेपणाचे मानधन देण्याचे मान्य केले. १९४८ ते १९६० या काळातील चित्रपटांसाठी मात्र व्यक्तिशः मानधनाऐवजी निवृत्तिवेतन आणि आरोग्य निधीला साडेबावीस लाख डॉलरची एकरकमी देणगी देऊन प्रश्न मिटविण्यात आला. त्यामुळे ‘सनसेट बुलव्हार्ड’ किंवा ‘शॉर्ट कट टू हेल’ यांसारख्या पॅरामाउंटच्या चित्रपटांत काम करणारे नट या सीमारेषेच्या अलीकडे राहिले. संघटनेतील अनेक ज्येष्ठ नटांच्या मनात या तडजोडीविषयीची कटुता दीर्घकाळ टिकून होती. विकर्स यांची उमेदीची वर्षे नेमकी याच पट्ट्यात पडतात. त्यांची कारकीर्द दोन वर्षे पुढे सरकली असती तर त्या श्रीमंत झाल्या असत्या, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ज्या कालखंडातील प्रतिमा सर्वाधिक वेळा पुन्हा पुन्हा दाखविल्या गेल्या, त्याच कालखंडातील मोठ्या संस्थांच्या चित्रपटांतील नटांच्या वाट्याला त्या पुनरावृत्तीचा मोबदला आला नाही, एवढे मात्र स्पष्ट आहे.

वृद्ध आणि गरजू चित्रपटकर्मींसाठी हॉलिवूडमध्ये काही व्यवस्थाच नव्हती, असेही नाही. १९२१ मध्ये मेरी पिकफोर्ड आदींच्या पुढाकाराने साहाय्य निधी स्थापन झाला होता आणि १९४० च्या दशकात वुडलंड हिल्स येथे निवृत्त कलावंतांसाठी निवासगृह उभे राहिले. परंतु अशा संस्थांचे दार मदत मागणाऱ्यासाठी उघडते. जो मागत नाही, किंवा मागण्याच्या अवस्थेत राहिलेला नाही, त्याच्या दाराशी जाऊन चौकशी करण्याची यंत्रणा हा वेगळाच विषय आहे.

बेनेडिक्ट कॅन्यनमधील घर

विकर्स दीर्घकाळ ज्या घरात राहत होत्या ते दगडी, जुने आणि झाडाझुडपांनी वेढलेले होते. अखेरच्या काळात त्याची पडझड झालेली होती. त्यांना अपत्य नव्हते. उतारवयात त्या चाहत्यांच्या संमेलनांना हजेरी लावत, छायाचित्रांवर स्वाक्षऱ्या देत आणि पत्रांना उत्तरे देत. आपल्या संगीतप्रेमी आईवडिलांच्या स्मरणार्थ त्यांनी १९९० च्या दशकात जॅझ गीतांचे ध्वनिमुद्रणही केले.

एप्रिल २०११ मध्ये शेजारच्या एका स्त्रीला त्यांच्या टपालपेटीत पिवळी पडलेली पत्रे आणि त्यांवर धरलेली कोळिष्टके दिसली. संशय आल्याने ती अंगणातील अडगळीतून वाट काढीत घरात शिरली. वरच्या मजल्यावरील खोलीत तिला देह आढळला. खोली उबदार ठेवणारे विद्युत उपकरण तेव्हाही सुरू होते. शवचिकित्सेअंती मृत्यू हृदयविकाराने झाल्याचे निष्पन्न झाले. घातपाताचा संशय उरला नाही.

या तपशिलांतील एक बाब विशेष विचारार्ह आहे. वीज सुरू होती आणि टपाल येत होते. म्हणजे दोन सार्वजनिक यंत्रणा त्या घरापर्यंत नियमितपणे पोहोचत होत्या, पण आत माणूस जिवंत आहे की नाही हे जाणण्याची गरज त्यांपैकी एकीलाही पडली नाही. पत्र पेटीत पडले की टपालखात्याचे काम संपते. उत्तर आले किंवा नाही, हे पाहणे त्याच्या कामात येत नाही. आधुनिक नागरी सेवा माणसाला शेजाऱ्यावर अवलंबून राहण्याच्या संकोचातून मुक्त करतात. त्याच सेवा शेजाऱ्याला दार ठोठावण्याचे निमित्तही उरू देत नाहीत.

विस्मृती की दुर्लक्ष?

विकर्स यांच्या मृत्यूचे वृत्त प्रसिद्ध होताच ते झपाट्याने पसरले. स्टीफन मार्श यांनी मे २०१२ च्या ‘द अटलांटिक’ मासिकातील बहुचर्चित लेखाचा आरंभ याच घटनेने केला. दोन आठवड्यांच्या आत या मृत्यूविषयी फेसबुकवर १६,०५७ आणि ट्विटरवर ८८१ नोंदी झाल्याची गणती त्यांनी दिली आहे. मृत्यूपूर्वीच्या महिन्यांतील त्यांच्या दूरध्वनीच्या देयकांवरून त्या मित्र वा नातलगांशी बोलत नसून संमेलनांतून किंवा महाजालावरून ओळख झालेल्या दूरदूरच्या चाहत्यांशी बोलत होत्या, असेही त्यांनी नमूद केले आहे.

हे खरे असेल, तर ‘विस्मृत अभिनेत्री’ हे विशेषण तपासून पाहावे लागते. विस्मृत व्यक्तीला चाहत्यांची पत्रे येत नाहीत. विकर्स यांना ओळखणारे, त्यांच्या भूमिकांचे बारकावे सांगू शकणारे लोक अनेक देशांत होते. त्यांच्यापैकी कोणीही त्यांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर नव्हते आणि उत्तर आले नाही म्हणून काळजी करावी, असा त्यांचा अधिकारही नव्हता. चाहत्याच्या मनातील विकर्स १९५८ मधील होत्या आणि त्या तशाच राहणार होत्या. एखादे पत्र अनुत्तरित राहिले, तर त्याचा अर्थ ‘त्या कामात असतील’ किंवा ‘आता उत्तरे देत नसतील’ असा लावला जाणे साहजिक होते. लोकप्रियतेने निर्माण होणाऱ्या नात्यात आठवण असते, पण जबाबदारी नसते. स्मरणात असणे आणि कोणाच्या तरी नजरेसमोर असणे या दोन भिन्न अवस्था आहेत. विकर्स यांना पहिली लाभली होती, दुसरी नव्हती.

या एकाकीपणाला व्यापक सामाजिक पार्श्वभूमी आहे. अमेरिकेत १९५० मध्ये एकूण कुटुंबांपैकी एकट्या व्यक्तीची कुटुंबे सुमारे ९ टक्के होती. २०१० च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर पोहोचले. एकटे राहणे म्हणजे एकाकी असणे नव्हे, हे समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी आग्रहाने मांडले आहे. मात्र जुलै १९९५ मधील शिकागोच्या उष्णतेच्या लाटेचा अभ्यास करताना त्यांनीच हेही दाखवून दिले की, संकटकाळी एकटे राहणारे आणि ज्यांच्या वस्तीत वर्दळ उरलेली नाही असे वृद्धच अधिक संख्येने बळी पडतात. त्या लाटेत ७०० हून अधिक माणसे दगावली. हीच स्थिती अन्यत्रही आहे. जपानमध्ये अशा मृत्यूला ‘कोदोकुशी’ असा स्वतंत्र शब्दच रूढ आहे. तेथील पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात घरी मृत्यू पावलेल्या एकट्या व्यक्तींची संख्या ७६,०२० होती. एखाद्या अनुभवासाठी भाषेला नवा शब्द घडवावा लागतो, तेव्हा तो अनुभव अपवादात्मक राहिलेला नसतो.

वृत्तांकनाच्या भाषेविषयीही येथे नोंद करणे आवश्यक आहे. बहुतेक बातम्यांच्या शीर्षकात मासिकातील छायाचित्रांचा आणि देहाच्या शुष्कतेचा उल्लेख एकत्र आला. तारुण्यातील देह आणि मृत देह यांना शेजारी ठेवून निर्माण केलेला हा विरोध त्यांच्या चित्रपटांच्या कथानकाशी विलक्षण साम्य राखतो. तेथेही आधी आकर्षण आणि नंतर शिक्षा असाच क्रम होता. एकटेपणी हृदयविकाराने मृत्यू पावलेल्या वृद्ध स्त्रीची ही बातमी नकळत नीतिकथा बनली.

आपल्याकडील दाखले

महाराष्ट्रातील वाचकाला अशा घटना अगदीच अपरिचित नाहीत. मूकपटांच्या काळापासून अर्धशतकाहून अधिक काळ पडद्यावर वावरलेल्या ललिता पवार यांचे २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यातील औंध येथील बंगल्यात निधन झाले. पती त्या वेळी रुग्णालयात होते आणि घरात अन्य कोणी नसल्याने मृत्यूची वार्ता लगेच कोणाला कळली नाही. जानेवारी २००५ मध्ये परवीन बाबी यांच्या मुंबईतील जुहू येथील सदनिकेच्या दाराशी दूध आणि वर्तमानपत्रे काही दिवस पडून राहिलेली दिसली, तेव्हा शेजाऱ्यांना शंका आली. मराठी चित्रपटांचे देखणे नायक रवींद्र महाजनी यांचा मृतदेह जुलै २०२३ मध्ये तळेगाव दाभाडेजवळील आंबी येथील सदनिकेत मृत्यूनंतर दोन-तीन दिवसांनी आढळला.

ही माणसे दुय्यम चित्रपटांतील नव्हती. त्यामुळे दारिद्र्य किंवा अपयश हेच एकाकी मृत्यूचे कारण असते, ही समजूत या दाखल्यांनी खोटी ठरते. त्याच वेळी एक भेदही लक्षात येतो. येथे कालावधी दिवसांत मोजला गेला, बेनेडिक्ट कॅन्यनमध्ये तो महिन्यांत मोजावा लागला. हा फरक आपल्या संस्कृतीच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा मानण्याची घाई करू नये. दाराशी येणारी दुधाची पिशवी, वर्तमानपत्र टाकणारा मुलगा, धुणीभांडी करणारी बाई, जिन्यात भेटणारा शेजारी अशा क्षुल्लक भासणाऱ्या दैनंदिन व्यवहारांनी तो फरक निर्माण केला. हे व्यवहार कोणी शेजारधर्म म्हणून आखलेले नव्हते, ते गरजेतून निर्माण झालेले होते. वर्तमानपत्र भ्रमणध्वनीवर वाचले जाऊ लागले, देयके खात्यातून आपोआप वळती होऊ लागली आणि सदनिकांची दारे कायम बंद राहू लागली, की हे निरीक्षणही गळून पडते. आपल्याकडे निवृत्तिवेतनधारकाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. अनेकांना तो जाच वाटतो. परंतु ज्या वृद्धाला तो दाखलाही कोणी मागत नाही, त्याच्या असण्या-नसण्याची खात्री करून घेण्याची रीत आपण ठरविलेली नाही.

इतिहासलेखनापुढील प्रश्न

चित्रपटाचा इतिहास प्रायः कृतींचा, दिग्दर्शकांचा आणि तारकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. दुय्यम नटांची नोंद श्रेयनामावलीपुरती होते. त्यांच्या जीवनाचे दस्तऐवज सार्वजनिक संग्रहांत क्वचितच येतात. वृद्ध कलावंत एकटेपणी मरतो, तेव्हा करारपत्रे, पत्रव्यवहार, छायाचित्रे, हिशेबाच्या वह्या हे सारे अडगळ म्हणून नष्ट होण्याचा धोका असतो. चित्रपटाची प्रत जतन करण्याविषयी आज जी जागरूकता दिसते, ती चित्रपट करणाऱ्या माणसांच्या कागदपत्रांविषयी दिसत नाही. मराठी चित्रपट, तमाशापट आणि स्टंटपट यांतील असंख्य दुय्यम कलावंतांच्या बाबतीतही हीच स्थिती आहे. महाविद्यालयांतील इतिहास आणि मराठी या विभागांनी आपापल्या परिसरातील वृद्ध कलावंतांच्या मौखिक मुलाखतींचा आणि कागदपत्रांचा उपक्रम हाती घेतला, तर संशोधनाचे साधन निर्माण होईल. शिवाय त्यानिमित्ताने कोणीतरी नियमितपणे त्यांच्या घरी जाईल, हा लाभ संशोधनाच्या लाभाहून कमी मोलाचा नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘बी’ चित्रपट ही मूलतः आर्थिक श्रेणी होती. तिच्यात काम करणाऱ्यांचे अल्प मानधन आणि अल्पकालीन कारकीर्द ही त्या रचनेचीच फलिते होत.

२. १९६० च्या तडजोडीने मोठ्या संस्थांच्या जुन्या चित्रपटांतील नटांना पुनःप्रक्षेपणाच्या मोबदल्यापासून वंचित ठेवले. प्रतिमा कमावत राहिली आणि तिच्यामागील व्यक्ती त्या कमाईबाहेर राहिली.

३. विकर्स विस्मृत नव्हत्या. त्यांची आठवण ठेवणारे पुष्कळ होते, त्यांची दखल घेण्याची जबाबदारी कोणावर नव्हती.

४. मृत्यूची तारीख ही निसर्गदत्त बाब नसून सामाजिक नोंद आहे. कोणीतरी जवळ असल्याशिवाय ती अस्तित्वात येत नाही.

या शेवटच्या मुद्द्याशी आपल्या परंपरेतील एका रीतीचा जवळचा संबंध आहे. ज्यांच्या मृत्यूची तिथी ज्ञात नाही, त्यांचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला करावे, असा संकेत आहे. तिथी हरवलेली माणसे प्रत्येक काळात असतात, हे त्या संकेताने गृहीत धरले आणि त्यांच्यासाठी वर्षातील एक दिवस राखून ठेवला. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी ज्याची नोंद नाही त्यालाही जागा असावी, ही जाणीव त्यामागे आहे. इतिहासकाराचे कर्तव्य याहून फार निराळे नाही. मात्र स्मरणाची ही सोय मृत्यूनंतरची आहे. इव्हेट विकर्स यांच्या टपालपेटीतील पिवळी पत्रे शेजारच्या स्त्रीने एप्रिल २०११ मध्ये पाहिली. ती त्याआधी अनेक महिने तेथेच होती, आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसू शकत होती.